५६००एक्स आणि बी५५० बोर्ड: व्होल्टेज किती द्यायचं आणि कोणतं द्यायचंच नाही

प्रश्न थोडक्यात असा: एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ३६०० मेगाहर्ट्झच्या ८-८ जीबीच्या दोन रॅम, एका टॉवरचा एअर कूलर, ५५० वॉटचा एसएमपीएस. सगळे सहा कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर कायम चालवायचे तर व्हीकोअर (कोअरना मिळणारं व्होल्टेज) किती ठेवावा? आणि ऑटोवर असताना बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) १.४५ व्होल्ट दिसतात, ते धोक्याचं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ऑटोवर १.४५ दिसणं या प्रोसेसरसाठी नेहमीचं आहे. एखाद-दुसरा कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर उडी मारतो तेव्हा त्याला तेवढं व्होल्टेज लागतं, पण त्या क्षणी करंट अगदी थोडा असतो. सहाही कोअर कामाला लागले की प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज १.२ ते १.३ च्या दरम्यान खाली आणतो. चिपची झीज व्होल्टेज, करंट आणि तापमान तिन्ही एकदम चढले की वेगाने होते. त्यामुळे ऑटोमधले १.४५ निरुपद्रवी, आणि तोच आकडा हाताने फिक्स करून सगळ्या कोअरवर रेंडरिंग लावलं तर काही आठवड्यांत चिपची वाट लागू शकते. आकडा एकच, परिणाम अगदी वेगळा.

हाताने मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) फिक्स केला की प्रोसेसरची ही स्वतःची राखण बंद पडते. बूस्ट (गरजेप्रमाणे क्लॉक आपोआप चढवणं) जातो, पॉवर आणि करंटच्या मर्यादा बाजूला होतात, आणि तुम्ही लिहिलेला आकडा हुकूम म्हणून पाळला जातो. म्हणून फिक्स व्होल्टेज ठरवताना लक्ष ठेवायचं ते लोडखाली प्रत्यक्ष मिळणाऱ्या व्होल्टेजवर. ७ नॅनोमीटरच्या या पिढीसाठी सगळ्या कोअरवर जड लोड असताना १.२५ ही रोजच्या वापराची मर्यादा धरा. १.३० ला थांबा, तेही तापमान ८० अंशांच्या आत असेल तरच. जुन्या लेखांतले १.४० चे आकडे इथे लावू नका. २०११ चे ३२ नॅनोमीटरचे सँडी ब्रिज १.३५-१.४० वर वर्षानुवर्षे चालले. त्या चिपच्या आतल्या थरांची जाडी वेगळी, करंटची दाटी वेगळी.

आता ४.७ चं. काही नमुने १.२५ वर ४.६ देतात, काहींना ४.५ साठीही १.३० लागतात. ४.७ हवा म्हणजे बहुतेक चिपला १.३५ च्या पुढे ढकलावं लागतं, आणि एका टॉवरचा कूलर तिथेच हात टेकतो. गणित सोपं आहे: वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. ४.४ गिगाहर्ट्झ १.२० वरून ४.६ गिगाहर्ट्झ १.३० वर गेलात तर क्लॉक साडेचार टक्क्यांनी वाढला, वीज मात्र सुमारे २३ टक्क्यांनी. शिवाय फिक्स क्लॉकमध्ये एका कोअरचा बूस्ट गमावता, म्हणजे गेममध्ये आणि ब्राउझरमध्ये मशीन होतं त्यापेक्षा संथ होण्याचीही शक्यता. माझं मत स्पष्ट आहे: ५६००एक्सवर फिक्स ऑल-कोअर ओव्हरक्लॉक करू नका. पीबीओ (बूस्टच्या मर्यादा वाढवून देणारी एएमडीची सोय) चालू करा आणि त्यातल्याच कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज कमी करा. तोच कूलर, तोच बोर्ड, आणि हलक्या लोडला ४.८ च्या आसपासचे क्लॉक दिसतात.

हात लावण्यापूर्वी

बायोस अद्ययावत करा, पण इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर मशीन असेल तेव्हाच. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बोर्ड मृत होतो, आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण सगळ्या बोर्डांवर नसतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा; बायोस बदलल्यावर एफटीपीएम (त्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट होऊ शकतो आणि विंडोज ती की मागतं. महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवाच. अस्थिर रॅम फक्त मशीन हँग करत नाही, गुपचूप चुकीचे बिट लिहून फायली खराब करते.

मग सगळं मूळ सेटिंगवर ठेवून नोंद घ्या: सिनेबेंच आर२३ या टेस्टचा मल्टी-कोअर स्कोअर (५६००एक्सचा ११ हजारांच्या आसपास यायला हवा), त्या वेळचं तापमान, आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमधला सीपीयू कोअर व्होल्टेज एसव्हीआय२ टीएफएन हा आकडा. त्याच यादीत खाली बोर्डाच्या सेन्सरचा नुसता व्हीकोअरही दिसतो. तो सॉकेटपासून लांब मोजलेला असतो आणि बऱ्याच बोर्डांवर चुकतो. विश्वास एसव्हीआय२ वर ठेवा.

एसएमपीएसचं लेबल बघू नका, मॉडेल बघा. लोकल कंपन्यांच्या ५०० वॉटच्या डब्यात १२ व्होल्टच्या रेलवर लेबलइतकी ताकद बऱ्याचदा नसते. १२ व्होल्टची रेल लोडखाली ११.४ च्या खाली गेली तर ती एटीएक्सच्या प्रमाणाबाहेर आहे. तिथे व्हीकोअर कितीही वाढवा, रीस्टार्ट थांबणार नाहीत. त्याचबरोबर बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटवर) हीटसिंक आहे का ते पाहा. लिक्विड कूलर लावणारे एक गोष्ट विसरतात: एअर कूलरचा पंखा जाता जाता व्हीआरएमलाही वारा देतो, एआयओ (तयार लिक्विड कूलर) लावला की त्या भागाला वारा मिळत नाही. व्हीआरएममधल्या मॉसफेटचं तापमान १०० च्या वर जाऊ लागलं तर मागच्या पंख्याची दिशा आणि वेग आधी सुधारा.

क्रम: रॅम आधी, प्रोसेसर नंतर

दोन्ही एकाच दिवशी बदललं तर चूक कुणाची ते कळत नाही. प्रोसेसर स्टॉकवर (मूळ सेटिंगवर) ठेवून रॅमचं एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेली वेगाची तयार सेटिंग) लावा. एसुसमध्ये त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयमध्ये ए-एक्सएमपी. रॅम ३६००, एफसीएलके (चिपचे भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा क्लॉक) त्याच्या निम्मा म्हणजे १८००, मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने एकास एक. दोन काड्या सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात. पहिल्या-दुसऱ्यात लावलेल्या रॅमने ३६०० ला नखरे केले तर नवल नाही.

आता रॅमशी संबंधित व्होल्टेज. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२०, एक्सएमपीचं १.३५. १.३५ वर चुका येत असतील तर १.३८, मग १.४० पर्यंत जा. त्यापुढे कोणती चिप आहे ते कळल्याशिवाय जाऊ नका: सॅमसंग बी-डाय १.५० सहज सोसते, मायक्रॉन ई-डायला १.४५ पर्यंत अडचण नाही, पण सॅमसंगच्या सी-डायसारख्या काही चिप व्होल्टेज वाढवल्यावर उलट जास्त चुका करतात. तैफून बर्नर हे सॉफ्टवेअर चिपचा अंदाज देतं.

एसओसी व्होल्टेज मेमरी कंट्रोलर आणि इन्फिनिटी फॅब्रिकसाठी असतं. एक्सएमपी लावलं की कित्येक बोर्ड ते ऑटोमध्ये १.१५ ते १.२० वर नेऊन ठेवतात. ३६०० साठी एवढं लागत नाही. हाताने १.०५ लिहा, चुका आल्या तर १.०७५, मग १.१०. दोन काड्यांना त्यापुढे क्वचितच जावं लागतं. १.२० ही भिंत समजा. जास्त एसओसी दिल्याने नुसती वीज वाया जात नाही. पॉवरच्या एकूण मर्यादेतला वाटा एसओसी खातो आणि कोअरचा बूस्ट तेवढा खाली येतो.

व्हीडीडीजी आयओडी (मेमरी कंट्रोलरच्या तुकड्यासाठी) आणि सीसीडी (कोअरच्या तुकड्यासाठी) या फॅब्रिकच्या दोन्ही रेल एसओसीच्याच व्होल्टेजमधून बोर्डावर नव्हे, चिपच्या आत तयार होतात. त्यामुळे त्या एसओसीपेक्षा किमान ०.०५ ने खाली असाव्याच लागतात. एसओसी १.०५ आणि व्हीडीडीजी १.०५ लिहिलंत तर प्रत्यक्षात ते मिळत नाही. आयओडी १.००, सीसीडी ०.९५ यांवर सुरुवात करा. व्हीडीडीपी (रॅमच्या सिग्नलशी संबंधित व्होल्टेज) ०.९० वर सोडा. १.८ व्होल्टची पीएलएल आणि चिपसेटचं व्होल्टेज यांना हात लावण्याचं कारण तुमच्या मशीनमध्ये नाही.

तपासणी टेस्टमेम५ किंवा मेमटेस्ट८६ ने. एक चूक म्हणजेही नापास; "फक्त एकच एरर आला" हा बचाव चालत नाही. एफसीएलकेची गडबड मात्र मेमरी टेस्टमध्ये नेहमी दिसत नाही. ती विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या नोंदवहीच्या) १९ क्रमांकाच्या नोंदी म्हणून साचत जाते. मशीन चालू राहतं, चूक दुरुस्त होते, पण वेग पडतो आणि ऑडिओमध्ये टक-टक येते. अशा नोंदी दिसल्या तर आधी आयओडी व्होल्टेज ०.०२५ ने वर-खाली करून पाहा, नाहीतर एफसीएलके एक पायरी उतरवा आणि रॅमही त्याच्या दुपटीवर आणा.

सकाळी गार मशीन चालू करताना एकदा नापास होऊन दुसऱ्या खेपेला चालू होत असेल, तर रॅम काठावर आहे. दिवसभर सगळ्या टेस्ट पास झाल्या तरी ती पूर्ण स्थिर धरू नका. एसओसी किंवा रॅमचं व्होल्टेज एक पायरी वाढवा.

पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर

बायोसमध्ये पीबीओ अॅडव्हान्स्ड करा. स्टॉक मर्यादा अशा: पीपीटी (एकूण वीज) ७६ वॉट, टीडीसी (सततचा करंट) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंट) ९० अँपिअर. डब्यातला रेथ स्टेल्थ कूलर असता तर हे आकडे तसेच ठेवायला सांगितलं असतं. तुमच्या टॉवर कूलरला पीपीटी ११०, टीडीसी ७५, ईडीसी ११० पुरे. काही बोर्डांत मर्यादा "मदरबोर्ड" अशी निवडता येते. तिथे ३९५ वॉटसारखे आकडे येतात, म्हणजे व्यवहारात मर्यादाच नाही. ते घेऊ नका. स्केलर १एक्स किंवा ऑटो. तो वाढवणं म्हणजे जास्त व्होल्टेज जास्त वेळ ठेवायला चिपला परवानगी देणं. थर्मल लिमिट ८५ लिहा. प्रोसेसरची स्वतःची मर्यादा ९५ आहे, पण दहा अंशांची गादी असलेली बरी.

कर्व्ह ऑप्टिमायझर प्रत्येक कोअरचं व्होल्टेज पायऱ्यांनी बदलतो. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, कमाल उणे ३०. सगळ्या कोअरना एकदम उणे ३० लावून "चालतंय की" म्हणणारे पुष्कळ. त्यांचं मशीन सिनेबेंच पास होतं आणि रात्री रिकामं असताना रीस्टार्ट होतं. कारण असं: कर्व्हची खरी परीक्षा जड लोडला होत नाही, एकटा कोअर सर्वात वरच्या क्लॉकवर जातो तेव्हा होते. ब्राउझर उघडताना, गाणं लावताना, स्क्रीन लॉक असताना.

म्हणून कोअर वेगळे हाताळा. रायझन मास्टरमध्ये ज्या दोन कोअरवर खूण असते ते सर्वोत्तम कोअर. बूस्टचा भार त्यांच्यावर पडतो आणि कारखान्यातच ते पिळलेले असतात. त्यांना उणे ५ ते उणे १० ने सुरुवात, बाकीच्या चारांना उणे १५. मग कोअरसायकलर (एकेक कोअर तपासणारं सॉफ्टवेअर) लावा, प्राइम९५ चा एसएसई मोड, प्रत्येक कोअरला सहा मिनिटं, रात्रभर. जो कोअर चूक देईल त्याचा आकडा पाचने शून्याकडे आणा, उदाहरणार्थ उणे १५ वरून उणे १०. जो पास होईल त्याला आणखी तीन-पाच पायऱ्या खाली न्या. अचानक रीस्टार्ट झाल्यास व्हीआ लॉगरची १८ क्रमांकाची नोंद पाहा. तिथल्या एपीआयसी आयडीवरून कोअर कळतो: ० आणि १ म्हणजे पहिला कोअर, २ आणि ३ दुसरा, याप्रमाणे.

हे स्थिर झाल्यावरच बूस्ट ओव्हरराइड (कमाल बूस्ट क्लॉकमधली वाढ) लावा. ५० ने सुरू करा, कमाल २०० मेगाहर्ट्झ. ओव्हरराइड वाढवला की कर्व्हची सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागते, कारण कोअर आता आधी कधी गेला नव्हता अशा क्लॉकवर जातो.

ऑफसेटबद्दल दोन वाक्यं. अधिक ऑफसेट ऑटोच्या आकड्यावर चढतो, म्हणजे १.४५ वर ०.१० केलंत तर १.५५, हे कधीच करू नका. उणे ऑफसेट सुरक्षित असतो, पण फार खाली गेलात तर क्लॉक ताणला जातो: एचडब्ल्यूइन्फोमध्ये ४.६ दिसतो आणि स्कोअर मात्र घसरतो. तिथेच इफेक्टिव्ह क्लॉक नावाचा आकडा असतो. पूर्ण लोडखाली तो आणि साधा क्लॉक यांत ५० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त फरक असेल तर व्होल्टेज कमी पडतंय.

तरीही फिक्स व्होल्टेजच हवं असेल

मग एलएलसी (लोडलाइन कॅलिब्रेशन) समजून घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. लोड आला की व्होल्टेज मुद्दाम थोडं पडू दिलं जातं. लोडलाइन ०.५ मिलिओहम असेल आणि करंट ८० अँपिअर, तर ०.०४ व्होल्ट पडतात, १.२८ लिहिलं तर लोडखाली १.२४ मिळतात. एलएलसी ही घसरण कमी करतो. घसरण पूर्ण मारली तर छान, असं वाटतं. पण लोड अचानक सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. जोरात चालू असलेला नळ एकदम बंद केल्यावर पाइपला धक्का बसतो, तसंच. ही उसळी काही मायक्रोसेकंदांची असते; कुठल्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही, ऑसिलोस्कोपलाच दिसते. म्हणून एलएलसी मधल्या पायरीवर ठेवा आणि घसरण हिशेबात धरून आकडा लिहा.

पायऱ्यांचे नंबर बोर्डागणिक उलटे आहेत. एसुसमध्ये मोठा नंबर म्हणजे जास्त कडक, एमएसआय आणि एएसरॉकमध्ये १ सर्वात कडक, गिगाबाइटमध्ये लो, मीडियम, हाय, टर्बो अशी नावं. दुसऱ्याच्या बोर्डाची "लेव्हल १" आपल्या बोर्डावर लावणं हा व्होल्टेज चुकवण्याचा हमखास मार्ग. बायोसमध्ये शेजारी आलेख दाखवत असेल तर तो बघून निवडा.

पद्धत: क्लॉक ४.४, व्होल्टेज १.२०, एलएलसी मधला. दहा मिनिटं सिनेबेंच. पास झालं तर २५ मेगाहर्ट्झ वाढवा; नापास झालं तर ०.०१२५ व्होल्ट. लोडखाली एसव्हीआय२ ने १.२५ दाखवले की व्होल्टेजचा हात तिथेच थांबवा आणि जो क्लॉक मिळाला तो घ्या. शेवटी ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर ही जड टेस्ट तासभर. प्राइम९५ चे स्मॉल एफएफटी एव्हीएक्ससह (फार तापवणारा मोड) लावणार असाल तर तापमानावर नजर ठेवून बसा; ९० दिसताच बंद.

चालूच झालं नाही तर घाबरू नका. रॅम ट्रेनिंगला (बोर्डाने रॅम जुळवून घ्यायला) दोन-तीन खेपा लागतात, मिनिटभर थांबा. तरीही काळा पडदा असेल तर एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, वायर काढा, सीएमओएस क्लिअरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. चाललेली सेटिंग प्रोफाइलमध्ये साठवा आणि त्यांचे फोटोही काढून ठेवा, कारण बायोस अपडेट केल्यावर प्रोफाइल बहुधा पुसली जातात.

टेस्ट डिसेंबर-जानेवारीत केली असेल तर मे महिन्यात पुन्हा करा. खोली २२ अंशांवरून ३६ वर गेली की प्रोसेसर आणि रॅम जवळजवळ तेवढ्याच अंशांनी तापतात. नागपूर-अकोल्याकडे तर त्याहून जास्त. कडक टायमिंगच्या रॅमला ५० अंशांच्या पुढे चुका सुरू होतात, आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा नेमकी रॅमवरून जाते. फिल्टरमधली धूळ महिन्यातून एकदा झटका. पाच-सात अंश त्यातच सुटतात.

वॉरंटीचंही ऐकून ठेवा. एएमडीच्या नियमांनुसार ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि पीबीओही ओव्हरक्लॉकिंगच धरलं जातं. तोच नियम ५८००एक्स३डी घेणाऱ्यांनाही, तिथे तर मल्टिप्लायर लॉकच आहे.

पुढे कधी बोर्ड बदललात तर हे आकडे सोबत नेऊ नका. एएम५ वर (एएमडीच्या पुढच्या सॉकेटवर) २०२३ मध्ये काही ७०००एक्स३डी चिप सॉकेटमध्ये जळाल्या. त्यात एक्सपो (डीडीआर५ रॅमसाठी एक्सएमपीसारखीच सेटिंग) लावल्यावर बोर्डांनी चढवलेल्या एसओसी व्होल्टेजचा हात होता. त्यानंतर एएमडीने त्यावर १.३० ची मर्यादा घातली. तिथे जुनं बायोस ठेवून एक्सपो चालू करू नका. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत तर स्टॉक सेटिंगलाच चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या आणि खराब होत होत्या. ऑगस्ट २०२४ च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरने) ही मागणी १.५५ व्होल्टला अडवली. अशी चिप जुनी विकत घेत असाल तर आधी बायोस अपडेट करा, आणि व्होल्टेजला हात लावण्यापूर्वी ती स्टॉकवर रात्रभर टेस्ट पास होते का ते पाहा. आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही.